हिशेब आकाशाचा : ध्रुवावरील ओझोनची हानी कशी मोजतात?

(ओझोन संरक्षण दिनाच्या निमित्ताने अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. पर्जन्यछायेत वसलेला, पावसाच्या एकेका सरीचा हिशेब ठेवणारा हा आपला जिल्हा. येथे पृथ्वीच्या टोकावर, पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर, हिवाळ्यात काय घडते याची चर्चा कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. तथापि आरंभी एवढेच सांगतो की, हा विषय मुळात हिशेबाचा आहे आणि हिशेब या जिल्ह्याला नवा नाही. ज्यांचे नाव आज या जिल्ह्याने धारण केले आहे, त्या चोंडीच्या कन्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या राज्यात खासगी आणि दौलत अशी दोन खाती वेगळी होती आणि एकाचा पैसा दुसऱ्यात मिसळत नसे. निसर्गाने केलेला बदल एका खात्यात आणि मनुष्याने केलेली हानी दुसऱ्या खात्यात, अशी विभागणी करणे हेच ओझोनशास्त्राचे सर्वांत कठीण काम आहे.

हिवरे बाजारचा ताळेबंद

आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी देशभर ओळखले जाते. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९८९ पासून त्या गावाचा कायापालट झाला. तेथे पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी मोजली जाते आणि उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडून कोणते पीक घ्यावे हे ग्रामसभेत ठरते. आता कल्पना करा, विहिरीची पातळी दोन हातांनी खाली गेली. एवढ्यावरून कोणी किती पाणी उपसले, हे सांगता येईल काय? नाही. कारण त्याच काळात झऱ्यातून पाणी आतही येत असते. पाच हात उपसले आणि तीन हात भरले, तरी पातळी दोनच हातांनी खाली जाते. उपसा जाणायचा असेल तर आवक वेगळी मोजावी लागते.

ध्रुवीय हिवाळ्यातील ओझोनचे नेमके असेच आहे. ओझोन प्रामुख्याने तयार होतो उष्ण कटिबंधावर, उंच आकाशात, प्रखर सूर्यप्रकाशात. तेथून वरच्या वाऱ्यांचा एक संथ ओघ तो ध्रुवांकडे नेतो आणि हिवाळ्यात तो ध्रुवावर खाली उतरतो. म्हणजे हिवाळाभर ध्रुवीय स्थितांबराच्या विहिरीत ओझोनची आवक चालू असते. त्याच वेळी रासायनिक क्रियेने उपसाही चालू असतो. वसंत ऋतूत उपकरणाने जो आकडा दाखवला, तो शिल्लक रकमेचा आकडा. नुकसान किती झाले, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. ते शोधून काढावे लागते.

पडदा आणि त्याला पडणारे छिद्र

पृथ्वीवरील सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणून पसरला, तर त्याचा थर सरासरी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा होईल. एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला एक डॉबसन एकक म्हणतात. म्हणजे तीन मिलिमीटर हे ३०० एकक. एवढ्या पातळ पडद्याने सूर्याचे घातक अतिनील किरण अडवले आहेत आणि म्हणून जमिनीवर जीवसृष्टी नांदते आहे.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की, शीतकपाटे आणि फवारणीचे डबे यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू खालच्या हवेत नष्ट होत नाहीत. ते वर्षानुवर्षे तरंगत स्थितांबरात पोहोचतात आणि तेथे अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन मोकळा करतात. या कार्यासाठी त्या दोघांना, पॉल क्रुट्झेन यांच्यासह, १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु ध्रुवावर जे घडले ते या सिद्धांताच्याही पलीकडचे होते. ध्रुवीय रात्र सुरू झाली की स्थितांबरातील हवा थंड होत जाते आणि तिच्याभोवती वाऱ्यांचा एक प्रचंड भोवरा तयार होतो. आतली हवा बाहेरच्या हवेत फारशी मिसळत नाही. तापमान उणे ७८ अंशांच्या खाली गेले की तेथे नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे ढग बनतात. या ढगांच्या कणांच्या पृष्ठभागावर क्लोरीनची निरुपद्रवी संयुगे सक्रिय रूप धारण करतात. अंधार असेपर्यंत फारसे काही घडत नाही. वसंताचा पहिला सूर्यकिरण आला की मात्र क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू फोडू लागतो. या क्रियेत क्लोरीन स्वतः खर्ची पडत नाही, हीच त्यातील खरी मेख आहे.

विश्वासार्ह मोजणी कशाला म्हणावे?

१९८५ च्या मे महिन्यात जोसेफ फारमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील हॅली बे या ब्रिटिश ठाण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ऑक्टोबर महिन्यात तेथे पूर्वी सुमारे ३०० एकक ओझोन असे. १९८४ पर्यंत तो २०० च्याही खाली आला होता. त्याआधीच, १९८२ मध्ये, जपानच्या श्योवा ठाण्यावर शिगेरू चुबाची यांनीही विलक्षण कमी आकडे नोंदवले होते. त्या काळात अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह आकाशातून तेच पाहत होता. पण त्याच्या संगणकीय छाननीत फार कमी आकडे 'संशयास्पद' म्हणून बाजूला पडत. जगातील अत्याधुनिक यंत्रणा जे पाहूनही मान्य करीत नव्हती, ते जमिनीवरच्या एका जुन्या डॉबसन यंत्राने आणि अनेक वर्षे एकाच जागी राहून चिकाटीने ठेवलेल्या नोंदवहीने सिद्ध केले. अपेक्षेबाहेरचा आकडा खोटा असतोच असे नाही, हा धडा प्रयोगशाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने आणि शासनातील प्रत्येक अधिकाऱ्याने गाठीशी बांधावा असा आहे.

भारताचा वाटा

या शास्त्रात भारत मागाहून आला, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. डॉबसन यांनी आपली यंत्रे जगाच्या निरनिराळ्या भागांत पाठवली, तेव्हा १९२८-२९ मध्ये त्यांपैकी एक आपल्या कोडाईकनालला आले. उष्ण कटिबंधावर ओझोन कमी असतो, हे त्या मोजणीने पुढे आले. के. आर. रामनाथन हे हवामान खात्यात दीर्घ सेवा करून १९४८ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. त्यांनी आणि आर. एन. कुलकर्णी यांनी १९५० च्या दशकात ओझोनची उंचीनुसार वाटणी कशी असते यावर मूलभूत काम केले. सूर्य मावळताना माथ्यावरच्या आकाशातून येणाऱ्या प्रकाशाच्या दोन तरंगलांबींचे गुणोत्तर एका क्षणी उलटे फिरते. या घटनेवरून ओझोन किती उंचीवर किती आहे याचे गणित मांडता येते. ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती १९२९ मध्ये आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गन बेटावर; तिचा उपयोग करणारे हात मात्र भारतीयही होते.

आपल्या शेजारच्या पुण्याचे स्थान तर याहून मोठे आहे. तेथील हवामान खात्याच्या उपकरण विभागात अण्णा मणी या विदुषींनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशी उपकरणांची घडी बसवली. जवळजवळ शंभर हवामान उपकरणांची रेखाचित्रे त्यांनी प्रमाणित केली. परदेशी यंत्रांवर विसंबून राहावे लागू नये, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकात भारतीय बनावटीचे ओझोनसोंड तयार झाले. स्वदेशी हा शब्द आपण सभांतून पुष्कळ वेळा उच्चारतो. स्वदेशीचा एक अर्थ असाही आहे की, आपल्या आकाशाचे मोजमाप आपल्याच हातांनी बनवलेल्या आणि आपणच तपासलेल्या यंत्राने व्हावे.

हे उपकरण मोठे सुबोध आहे. एका लहानशा पात्रात पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण असते. छोटा पंप बाहेरची हवा त्या द्रावणातून सोडतो. हवेतील ओझोन द्रावणातून आयोडीन मुक्त करतो आणि त्यामुळे विद्युतप्रवाह वाहतो. तो असतो मायक्रोअँपिअरमध्ये मोजण्याइतका सूक्ष्म. ओझोन जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. रबरी फुग्याला बांधून हे पात्र वर सोडले की ते तीस किलोमीटरच्या आसपास जाईपर्यंत क्षणोक्षणी रेडिओद्वारे आकडे पाठवत राहते. मग फुगा फुटतो. हिवाळ्यात आपल्याकडे वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणजे पुण्याहून सुटलेल्या फुग्याचा मार्ग बहुधा आपल्या श्रीगोंदा-कर्जतच्या दिशेचा असतो. पावसाळ्यात वरच्या वाऱ्यांची दिशा उलटते आणि तो समुद्राकडे ओढला जातो.

दक्षिण गंगोत्री आणि मैत्री

जानेवारी १९८२ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे दक्षिण गंगोत्री हे ठाणे उभे राहिले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिर्माकर टेकड्यांच्या परिसरात मैत्री. ओझोनच्या छिद्राची वार्ता जगभर पसरली, त्यानंतर अल्पावधीतच भारतीय हवामान खात्याने तेथे ओझोनसोंड सोडण्यास प्रारंभ केला. पुढे मैत्रीवर ब्रुअर वर्णपटमापकही बसवण्यात आले.

हे काम किती कष्टाचे आहे याची कल्पना करा. मैत्री ७०.७५ दक्षिण अक्षांशावर आहे. तेथे सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. डॉबसन आणि ब्रुअर ही यंत्रे प्रकाशावर चालतात. दीर्घ अंधारात त्यांचा उपयोग मर्यादित होतो. ओझोनसोंडला प्रकाशाची गरज नाही, म्हणून ध्रुवीय रात्रीत भिस्त त्याच्यावर. परंतु कडाक्याच्या थंडीत फुग्याचे रबर ठिसूळ होते आणि वाऱ्याच्या माऱ्यात फुगा भरणे हीच एक परीक्षा असते. वर्षभर घरापासून दूर राहून हे फुगे सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत. त्यांच्या नोंदी मात्र जगाच्या कामी येतात. खरगपूर आयआयटीचे जयनारायणन कुट्टिपुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अंटार्क्टिकावरील अनेक ठाण्यांच्या दीर्घकालीन नोंदी तपासून दाखवून दिले की, विशिष्ट उंचीवर ओझोन जवळजवळ संपून जाण्याच्या घटना २००० नंतर कमी होत चालल्या आहेत. जखम भरून येत असल्याची ती एक ठळक खूण होती.

आवक आणि उपसा वेगळे करण्याच्या तीन युक्त्या

उत्तर ध्रुवावरचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दक्षिणेकडे भोवरा स्थिर असतो. उत्तरेकडील पर्वतरांगा आणि जमीन-समुद्राची रचना यांमुळे उठणाऱ्या प्रचंड वायुलहरी तेथील भोवरा ढवळून काढतात, हवा तापवतात आणि ओझोन वाहून आणतात. म्हणून एका हिवाळ्यात मोठी हानी, तर दुसऱ्यात जवळजवळ नाही, असे घडते. मग हानी मोजायची कशी?

पहिली युक्ती पाठलागाची. एका ठाण्यावरून फुगा सोडून हवेच्या एका विशिष्ट भागातील ओझोन मोजायचा. हवामानाच्या गणिताने तो भाग काही दिवसांनी कोठे पोहोचेल हे काढायचे आणि तेथील ठाण्याला संदेश पाठवून नेमक्या वेळी दुसरा फुगा सोडायचा. तीच हवा दोनदा मोजली गेल्यामुळे फरक पडला तर तो रासायनिक हानीचाच. १९९१-९२ च्या हिवाळ्यापासून युरोपीय शास्त्रज्ञांनी अनेक देशांतील ठाणी एकत्र गुंफून ही पद्धत विकसित केली. हवा किती तास उन्हात होती त्या प्रमाणात हानी वाढते, हेही त्यातून सिद्ध झाले.

दुसरी युक्ती साक्षीदाराची. नायट्रस ऑक्साइड हा वायू ध्रुवीय हिवाळ्यात रासायनिक दृष्ट्या बदलत नाही. तो केवळ हवेबरोबर खाली येतो. हिवाळ्याच्या आरंभी त्याचे आणि ओझोनचे नाते नोंदवून ठेवायचे. वसंतात ते नाते बिघडलेले दिसले, तर बिघाड ओझोनच्या बाजूने झाला, हे उघड आहे. न बदलणारा साक्षीदार खोटे बोलत नाही.

तिसरी युक्ती कल्पित खात्याची. संगणकाच्या प्रतिमानात असा ओझोन वाहू द्यायचा की ज्यावर कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. त्यातून 'असायला हवा होता' तो आकडा मिळतो. त्यातून उपग्रहाने मोजलेला प्रत्यक्ष आकडा वजा केला की हानी मिळते. या तिन्ही वाटांनी आलेली उत्तरे जुळली तरच शास्त्रज्ञ निष्कर्षावर विश्वास ठेवतात.

या पद्धतींनी काय दिसले? २०११ च्या वसंतात आर्क्टिकवर १८ ते २० किलोमीटर उंचीवरील ८० टक्क्यांहून अधिक ओझोन नष्ट झाला होता. २०२० च्या वसंतात १८ किलोमीटरच्या आसपास काही ठिकाणी तो जवळजवळ संपलाच. आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याच आर्क्टिकवर १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींतील मार्चचा सर्वोच्च ओझोन आढळला! चार वर्षांत दोन टोके. या चार वर्षांत हवेतील क्लोरीन फारसे बदलले नव्हते. बदलले ते हवामान. ज्याने केवळ शिल्लक पाहिली, तो २०२० मध्ये हताश झाला असता आणि २०२४ मध्ये निष्काळजी. ज्याने दोन्ही खाती वेगळी ठेवली, त्याची दोन्ही वेळा फसगत झाली नाही.

मोजणी हाच पहारा

मोजणीचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही, ते राष्ट्रीयही आहे. १९८७ मध्ये माँट्रिअल करार झाला, तेव्हा भारताने त्यावर स्वाक्षरी केली नाही. कारण स्पष्ट होते. वातावरणात हे वायू सोडले होते प्रामुख्याने श्रीमंत देशांनी. भारताचा दरडोई वापर नगण्य होता. पर्यायी तंत्रज्ञान आणि त्याचा खर्च यांची सोय झाल्याशिवाय आमच्या उद्योगांनी भुर्दंड का सोसावा, हा आपला प्रश्न होता. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत विकसनशील देशांसाठी बहुपक्षीय निधीची तरतूद झाली आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. न्याय्य हक्क मागून घेतल्यानंतर आपण दिलेला शब्दही पाळला. क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन भारताने १ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या १७ महिने आधी, थांबवले. अपवाद होता तो दम्याच्या रुग्णांच्या औषधी फवाऱ्यांचा.

सर्वांनीच असे केले काय? २०१८ मध्ये असे आढळले की, सीएफसी-११ या बंदी घातलेल्या वायूची हवेतील घट अनपेक्षितपणे मंदावली आहे. कोठेतरी त्याचे नवे उत्पादन चालू असावे. २०१९ मध्ये दक्षिण कोरिया आणि जपान येथील मापनकेंद्रांच्या नोंदींवरून या वाढीचा मोठा भाग पूर्व चीनमधून, मुख्यतः शांतुंग आणि हपे या प्रांतांमधून, येत असल्याचे सिद्ध झाले. बोभाटा झाल्यावर तेथे कारवाई झाली आणि उत्सर्जन पुन्हा उतरले. कागदावरचा शब्द मोडला गेला, तो हवेने सांगितला. ज्या प्रदेशात मापनकेंद्रे विरळ आहेत, तेथे काय चालले आहे हे मात्र हवाही सांगू शकत नाही. म्हणूनच भारताची स्वतःची मापनकेंद्रे दाट आणि अखंड असणे अगत्याचे आहे. उद्या कोणी आपल्यावर आरोप केला, तर उत्तर भाषणाने देता येणार नाही. ते नोंदवहीनेच द्यावे लागेल.

आपल्या दारातील प्रश्न

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. ध्रुवावरील छिद्रामुळे अहिल्यानगरच्या शेतकऱ्याला थेट उपद्रव होतो काय? प्रामाणिक उत्तर असे की, होत नाही. आपल्या अक्षांशावर ओझोन निसर्गतःच कमी असतो, आपले ऊन प्रखर असते, आणि ध्रुवीय हानीची सावली येथपर्यंत पोहोचत नाही. भीती दाखवून जागृती करणे मला मान्य नाही.

परंतु संबंध उलट दिशेने आहे. आपल्या जिल्ह्यात दुधाचा मोठा व्यवसाय आहे. गावोगावी दूध थंड करणारी यंत्रे आहेत, शीतगृहे आहेत, दुकानांत फ्रीज आणि घरांत एसी वाढत आहेत. अनेक मोठ्या शीतगृहांतील अमोनिया ओझोनला बाधक नाही. पण लहान यंत्रांत अजूनही आर-२२ हा वायू आढळतो. तो सौम्य असला तरी क्लोरीनयुक्त आहे. यंत्र दुरुस्त करताना नळी सैल करून उरलेला गॅस हवेत सोडून देण्याची सवय आपण सर्वांनी पाहिली आहे. तो वायू येथील आकाशात थांबत नाही. काही वर्षांनी त्याचा अंश ध्रुवाच्या ढगांपर्यंत पोहोचतो. नव्या पर्यायी वायूंत क्लोरीन नाही, मात्र ते पृथ्वी तापवतात. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार, जिला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, आपल्याला त्यांचाही वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. येणाऱ्या काळात गॅस सोडून न देता परत भरून घेणारा कुशल तंत्रज्ञ हा दुर्मीळ आणि मोलाचा असणार आहे. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या तरुणांनी याकडे व्यवसाय म्हणून पाहावे आणि दूधसंस्थांच्या संचालकांनी दुरुस्तीच्या करारात ही अट घालावी, अशी माझी विनंती आहे.

जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, सध्याची धोरणे टिकली तर आर्क्टिकवरील ओझोन २०४५ च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरील २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परत येईल. आज या सभागृहात बसलेले शाळकरी विद्यार्थी तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. एका पिढीने केलेली चूक तीन पिढ्यांनी निस्तरायची, असा हा व्यवहार आहे. तो पूर्ण होईल, असा विश्वास वाटतो; पण त्यासाठी तोपर्यंतच्या प्रत्येक हिवाळ्याची नोंद कोणीतरी ठेवली पाहिजे. २००४ मध्ये सोडलेला ऑरा हा उपग्रह आता थकला आहे आणि ओझोनचा उंचीनिहाय वेध घेणारी साधने मोजकीच उरली आहेत. अशा वेळी फुगे सोडणाऱ्या ठाण्यांची जबाबदारी वाढते.

विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगेन : शाळेत पर्जन्यमापक असेल तर तो रोज वाचा, एकही दिवस न चुकता, आणि आकडा मनाजोगता नसला तरी तो खोडू नका. मैत्रीवरचा निरीक्षक याहून वेगळे काही करीत नाही. त्याच्यासारख्यांची पुढची फळी या जिल्ह्यातून घडावी, अशी सदिच्छा व्यक्त करतो.